स्फटिकाला गाव हवे

पालीजवळच्या उन्हेऱ्याच्या कुंडाबद्दल किंवा महाडजवळच्या सव गावच्या गरम झऱ्यांबद्दल विचारले, की बहुतेक जण पहिली गोष्ट हीच सांगतात: तिथल्या पाण्याला गंधकाचा वास आहे. यावरून पुढचा तर्क सहज सुचतो. वास आहे तर जमिनीखाली गंधक असणार, आणि गंधक आहे तर त्याचे पिवळेधमक, आरपार दिसणारे स्फटिकही कुठेतरी दडलेले असणार. प्रत्यक्षात उरण-अलिबागच्या किनाऱ्यापासून सह्याद्रीच्या पायथ्यापर्यंत संग्रहात ठेवावा असा गंधकाचा स्फटिक मिळत नाही. तो का मिळत नाही हे नीट समजून घेतले, तर रायगडच्या काळ्या कातळात जे खरोखर मिळते त्याची किंमतही कळते. या लेखाचे म्हणणे एवढेच आहे की चांगला स्फटिक ही पृथ्वीची दुर्मीळ नोंद असते, तिचा निम्मा मजकूर स्फटिकात असतो आणि निम्मा तो जिथे सापडला त्या जागेत. जागेची नोंद हरवली की उरते ती केवळ शोभेची वस्तू. रायगडच्या किनाऱ्यावर अशा नोंदी रोज खडीबरोबर भरडल्या जात आहेत, म्हणून जबाबदारीने केलेला संग्रह हे वाचवण्याचे काम आहे.

आधी गंधकाकडे पाहू, कारण संग्राहकाला लागणारे सगळे धडे हे एकच खनिज शिकवते. गंधकाचे आठ अणू एकमेकांना धरून एक कडे तयार करतात, आणि अशी असंख्य कडी एकावर एक शिस्तीने रचली गेली की स्फटिक बनतो. कड्यातले अणू परस्परांना घट्ट बांधलेले असतात, पण एका कड्याला दुसऱ्याशी जोडणारी ओढ अगदी दुबळी असते. गंधकाचा सगळा स्वभाव यातून येतो. त्याची कठिणता मोहस् मापावर दीड ते अडीच, म्हणजे नखानेही ओरखडा पडावा इतकी. साधारण ११५ अंश सेल्सिअसला तो वितळतो, आणि त्याआधीच, ९५ अंशांच्या थोडे वर, त्याची अंतर्गत रचना बदलते. उष्णता तो आत जाऊ देत नाही. त्यामुळे स्फटिक हातात घेतला की तळव्याच्या उबेने त्याचा बाहेरचा भाग फुगतो, आतला थंडच राहतो आणि या ताणाने त्याला चिरा जातात. कानाजवळ धरला तर बारीक तडतड ऐकू येते. त्याच वेळी प्रकाश वाकवण्याची त्याची ताकद मोठी असते, म्हणून चांगल्या स्फटिकाच्या पैलूंवर राळेसारखी, कधी हिऱ्याच्या जवळ जाणारी झळाळी दिसते. इतके देखणे आणि इतके नाजूक खनिज अखंड हाती लागणे हीच मुळात विशेष गोष्ट आहे.

असे अखंड स्फटिक जगात ज्या थोड्या ठिकाणी मिळाले, त्यांत सिसिली बेटाचे नाव पहिले येते. सुमारे ६० ते ५३ लाख वर्षांपूर्वी भूमध्य समुद्राचा महासागराशी असलेला संबंध तुटत गेला, पाणी आटले आणि मीठ व जिप्समचे जाड थर साचले. पुढे जमिनीतल्या सूक्ष्म जिवाणूंनी तेलजन्य पदार्थांच्या आधारे जिप्सममधील सल्फेटचे रूपांतर हायड्रोजन सल्फाइड वायूत केले, आणि त्याच वायूपासून चुनखडीच्या पोकळ्यांत शुद्ध गंधक सावकाश साचत गेला. म्हणूनच अग्रिजेंतो आणि काल्तानिसेत्ता परिसरातल्या नमुन्यांत पिवळ्या गंधकाशेजारी अॅरागोनाइट, कॅल्साइट आणि सेलेस्टाइनचे पांढरे स्फटिक दिसतात. १९व्या शतकात जगाला लागणाऱ्या गंधकाचा फार मोठा भाग याच बेटावरून जात होता. तिथे गंधक माणसांच्या हातांनी, पहारी आणि टोपल्यांनी निघत असे. वर वाहून आणायला लहान मुलांना जुंपले जाई, आणि त्या शोषणाचा इतिहास सिसिलीच्या खाणींपासून वेगळा काढता येत नाही. मात्र हाताने काम होत असल्यामुळेच एखादी स्फटिकांनी भरलेली पोकळी उघडली की ती कोणाच्या तरी नजरेला पडे, आणि त्यातले काही नमुने संग्रहालयांपर्यंत पोहोचत.

नंतर गंधक काढण्याची पद्धतच बदलली. १८९४ साली अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात हर्मन फ्राश यांनी एक नवी युक्ती यशस्वी करून दाखवली. दाबाखाली खूप तापवलेले पाणी नळांतून जमिनीत सोडायचे, गंधक जागच्या जागी वितळवायचा आणि पातळ रूपात वर खेचून घ्यायचा. माणसाला खाली उतरण्याची गरज उरली नाही, गंधक स्वस्त झाला, आणि सिसिलीचा धंदा मोडकळीला आला. पुढे खनिज तेल आणि नैसर्गिक वायू शुद्ध करताना निघणारा गंधक इतका मुबलक झाला की खाणींची गरजच उरली नाही. उरणसमोरच्या खाडीपलीकडे महुलला असलेल्या तेलशुद्धीकरण कारखान्यांतही गंधक असाच वेगळा काढला जातो. कोकणातला बागायतदार आंब्याच्या मोहोरावर भुरी पडू नये म्हणून जी गंधकाची भुकटी मारतो, तिच्यासारख्या मालाचा उगम आज बहुतेक वेळा असाच कुठल्या तरी शुद्धीकरण कारखान्यात असतो. या दोन्ही आधुनिक पद्धतींत गंधक टनावारी मिळतो, स्फटिक एकही मिळत नाही. विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत सिसिलीच्या खाणी बंद झाल्या, आणि आज त्या स्फटिकांचे साक्षीदार म्हणून उरले ते तेवढेच नमुने, जे त्या त्या वेळी कोणीतरी बाजूला काढून ठेवले. खनिज किती आहे यावर स्फटिक वाचत नाही. ते कोणत्या पद्धतीने काढले जाते आणि त्या क्षणी तिथे पाहणारा डोळा आहे की नाही, यावर तो वाचतो.

आता रायगडचा प्रश्न. आपल्या पायाखालचा काळा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखी उद्रेकांतून आला. दख्खनच्या या लाव्हाने आजही जवळजवळ पाच लाख चौरस किलोमीटर जमीन व्यापली आहे. त्या उद्रेकांत गंधक कमी नव्हता. उलट लाव्हाबरोबर सल्फर डायऑक्साइड वायू प्रचंड प्रमाणात हवेत गेला, आणि डायनोसॉरांच्या अंताच्या काळात पृथ्वीच्या हवामानावर त्याचा किती परिणाम झाला याचा अभ्यास शास्त्रज्ञ अजून करत आहेत. पण वायू होऊन आकाशात गेलेला गंधक स्फटिक होऊन दगडात राहत नाही. ज्वालामुखीच्या तोंडाशी गंधकाची पुटे चढतात हे खरे. भारतात आजही धगधगणाऱ्या अंदमानजवळच्या बॅरन बेटावर ती आढळतात, आणि लडाखच्या पुगा खोऱ्यातील गरम झऱ्यांपाशीही गंधक मिळतो. दख्खनमध्ये मात्र एका प्रवाहावर दुसरा, हजार अंशांहून अधिक तापलेला लाव्हा पसरत गेला. त्याखाली सापडलेली गंधकाची पुटे टिकणे शक्यच नव्हते. जी उघड्यावर राहिली असतील ती हवा, पाऊस आणि जिवाणू यांनी केव्हाच संपवली असतील.

मग उन्हेऱ्याचा वास कुठून येतो? कोकणातले गरम झरे गणेशपुरीपासून राजापूरपर्यंत किनाऱ्याला साधारण समांतर अशा एका पट्ट्यात आहेत. या पट्ट्यात कवच भेगाळलेले आहे. पावसाचे पाणी त्या भेगांतून खोल उतरते, तिथल्या नैसर्गिक उष्णतेने तापते आणि पुन्हा वर येते. वर येताना ते साधारण ४० ते ७० अंश तापमानाचे असते. इथे जवळपास धगधगणारा ज्वालामुखी नाही, आणि झऱ्यांचा ज्वालामुखीशी संबंध जोडणे हा गैरसमज आहे. या पाण्यात मुख्यतः क्षार असतात आणि हायड्रोजन सल्फाइड अगदी थोडा. या वायूचा वास अत्यल्प प्रमाणातही नाकाला कळतो, त्यामुळे नाक जेवढा गंधक असल्याचे सांगते त्याच्या मानाने पाण्यात तो फारच थोडा असतो. त्यातून कधी एखादी पांढुरकी साय धरते, पण स्फटिक वाढायला लागणारी शांत, बंदिस्त पोकळी, सतत पुरवठा आणि हजारो वर्षांची सवड यांपैकी काहीच तिथे नाही. पदार्थ असणे आणि त्याचा स्फटिक होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे संग्राहकाने मनाशी पक्के धरायला हवे.

रायगडच्या कातळात मात्र या अटी पूर्ण झाल्या, फक्त दुसऱ्या खनिजांसाठी. लाव्हा थंड होताना त्यात अडकलेले वायूचे बुडबुडे तसेच राहिले आणि दगडात वाटाण्याएवढ्या ते माणूस मावेल एवढ्या पोकळ्या तयार झाल्या. वरचे थर वाढत गेले, खालचे दाबले गेले, कोमट पाणी दगडात झिरपत राहिले आणि या काळ्या कातळातले, म्हणजे बसाल्टमधले, कॅल्शियम, सोडियम, अॅल्युमिनियम व सिलिका विरघळवून त्या पोकळ्यांत आणून ठेवू लागले. अशी एक पोकळी फोडलेली जवळून पाहावी. कातळाला चिकटून आधी गडद हिरव्या मातकट खनिजाचा पातळ लेप असतो. त्यावर कधी गारगोटीचे बारीक दाणे, त्यावर ह्यूलॅंडाइटचे मोत्यासारख्या चमकेचे चपटे स्फटिक, मग फिकट गुलाबी स्टिलबाइटच्या, मध्ये आवळून दोन्ही टोकांना पसरलेल्या पेंढ्या. सगळ्यांच्या वर, पोकळीच्या मोकळ्या जागेकडे तोंड करून, अपोफिलाइटचे काचेसारखे चौकोनी मनोरे आणि शेवटी उगवलेला कॅल्साइट. जे भिंतीला लागून आहे ते आधीचे आणि जे आतल्या बाजूला आहे ते नंतरचे, एवढा साधा नियम लावला तरी त्या पोकळीत पाणी कोणत्या क्रमाने बदलत गेले हे वाचता येते. प्रत्येक पोकळीत सगळी खनिजे असतात असे नाही, आणि क्रमही जागोजागी बदलतो. अभ्यासाला खरा रस येतो तो या बदलण्यामुळेच.

हा बदल जागेशी बांधलेला आहे, म्हणून जागेची नोंद महत्त्वाची. जॉर्ज वॉकर या भूशास्त्रज्ञाने १९६० साली आइसलॅंडच्या पूर्व भागातल्या लाव्हा थरांत दाखवून दिले, की कोणते झिओलाइट, म्हणजे ह्यूलॅंडाइट-स्टिलबाइटच्या कुळातली खनिजे, कोणत्या उंचीवर आढळतात याचे ठरावीक पट्टे असतात. त्या पट्ट्यांवरून पाऊस-हिमाने झिजून गेलेला डोंगराचा मूळ माथा किती उंच होता याचा अंदाजही बांधता येतो. महाराष्ट्रात सुखेस्वाला, अवासिया आणि गंगोपाध्याय यांनी १९७४ साली पश्चिम भारतातल्या दख्खन कातळातील झिओलाइटांची अशीच पट्ट्यापट्ट्यांची मांडणी प्रसिद्ध केली. लॉमोंटाइटसारखे खनिज जास्त उष्ण परिस्थितीत, बहुधा अधिक खोलीवर तयार होते, ह्यूलॅंडाइट आणि स्टिलबाइट त्यापेक्षा सौम्य परिस्थितीत. म्हणजे एखाद्या खाणीतल्या पोकळीत लॉमोंटाइट सापडला, तर त्या जागेवर एके काळी किती जाडीचा कातळ होता किंवा पाणी किती तापलेले होते यावर प्रकाश पडतो. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दख्खनमधल्या अपोफिलाइटांचे वय मोजले गेले, आणि त्यांतले काही लाव्हा थिजल्यानंतर कोट्यवधी वर्षांनी वाढलेले निघाले. यातले एकही अनुमान ‘महाराष्ट्र’ एवढीच चिठ्ठी लावलेल्या, कितीही देखण्या नमुन्यावरून काढता आले नसते. गंधकाच्या बाबतीतही हेच. त्यातल्या हलक्या आणि जड समस्थानिकांचे प्रमाण मोजून तो जिवाणूंनी घडवला की ज्वालामुखीने, हे ओळखायला मदत होते. पण नमुना कोणत्या थरातला हेच माहीत नसेल तर त्या उत्तराचा उपयोग करायचा कुठे?

नोंदीची किंमत इतिहासानेही दाखवून दिली आहे. बोर घाटातल्या रेल्वेचे काम १८५६ साली सुरू झाले आणि १८६३ साली पुरे झाले. खोपोली-कर्जतच्या बाजूने खंडाळ्याकडे चढताना २५ बोगदे आणि असंख्य खोदकामे करावी लागली, आणि त्या कातळातून अपोफिलाइट, स्टिलबाइट व स्कोलेसाइटचे जे नमुने बाहेर पडले त्यांनी युरोपातल्या खनिजशास्त्रज्ञांना दख्खनची ओळख पटवून दिली. त्या काळच्या नोंदींत मात्र बहुतेक ‘पूना’, ‘भोर घाट’ किंवा नुसते रेल्वे कंपनीचे नाव एवढाच ठावठिकाणा असतो. नमुना शतकभराहून अधिक काळ जपला गेला, पण तो कोणत्या बोगद्यातला, पायथ्याचा की माथ्याचा, हे आता कोणी सांगू शकत नाही. मुंबईची गोष्ट आणखी जवळची आहे. कांदिवली आणि मालाडच्या दगडखाणींतले हिरवट प्रेहनाइट, काळे चकचकीत बॅबिंगटोनाइट, कापसाच्या बोंडासारखे पांढरे ओकेनाइट आज जगभरच्या संग्रहांत मानाने ठेवलेले आहेत. त्या परिसरावर आता वस्ती उभी आहे. तिथे पुन्हा कोणी पोकळी उघडून पाहू शकणार नाही. ज्या नमुन्यांवर खाणीचे नाव आहे, तेच आता त्या कातळाविषयी काही सांगू शकतात.

रायगडचा किनारा आज त्याच वळणावर आहे. नवी मुंबई विमानतळासाठी उलव्याची टेकडी सुरुंग लावून सपाट करण्यात आली. जानेवारी २०२४ मध्ये खुला झालेला अटल सेतू उरण तालुक्यात चिर्ले येथे जमिनीला लागतो, आणि त्याच्या भोवती रस्ते, गोदामे, वसाहती वाढत आहेत. मुंबई-गोवा महामार्गाच्या रुंदीकरणात ठिकठिकाणी डोंगर कापले गेले, कशेडी घाटाखालून बोगदे गेले. या सगळ्याला लागणारी खडी आणि डबर आसपासच्या कातळातूनच येते. विकास थांबवावा असे माझे म्हणणे नाही. घर, रस्ता, बंदर दगडावाचून होत नाही. म्हणणे एवढेच, की इतक्या झपाट्याने आणि इतक्या खोलवर हा कातळ यापूर्वी कधी उघडला गेला नव्हता आणि पुढेही कदाचित जाणार नाही. सुरुंग उडतो, पोकलेन डबर भरतो, क्रशर भरडतो, आणि सकाळी उघडलेली पोकळी संध्याकाळपर्यंत खडीत जाते. सिसिलीत जे फ्राशच्या पद्धतीने झाले ते इथे यंत्रांच्या वेगाने होते आहे.

यावर पहिला आक्षेप निसर्गप्रेमींचा येईल, आणि तो रास्त आहे: स्फटिक जिथे आहेत तिथेच राहू द्यावेत, ते काढणे म्हणजे निसर्गाची लूट. जिथे कातळ जागेवर राहणार आहे, तिथे हे शंभर टक्के खरे आहे. समुद्राकाठचे कडे, घाटातल्या उघड्या दरडी, किल्ल्यांचे तट, रायगड जिल्ह्यातच मोडणाऱ्या घारापुरीसारख्या लेण्यांचा कातळ, यांवर हातोडी चालवणे हा गुन्हा मानला पाहिजे. तिथे पोकळी पाहावी, चित्र घ्यावे, नोंद करावी आणि निघावे. चालू खाणीत मात्र पर्याय वेगळे असतात. तिथे स्फटिक जागेवर राहण्याचा प्रश्नच नसतो, तो एक तर संग्रहात जाणार किंवा खडीत. अशा ठिकाणी न उचलणे म्हणजे जपणे नव्हे. संग्राहकाची नैतिकता त्याने नमुना उचलला की नाही यावरून ठरवू नये. ती जागा टिकणारी होती की नाही, परवानगी होती की नाही आणि नोंद ठेवली की नाही, यावरून ठरवावी.

दुसरा आक्षेप व्यापाराविषयीचा. दख्खनचे झिओलाइट परदेशी बाजारात मोठ्या किमतीला विकले जातात, आणि पोकळी सर्वांत आधी पाहणाऱ्या, जोखीम पत्करून ती फोडणाऱ्या खाणकामगाराच्या हाती त्यातले फारच थोडे पडते. हा आक्षेप मी पूर्ण मानतो. दगडाची नस ओळखणारी, सुरुंगाचा धूर निवला की आधी पुढे जाणारी माणसे हीच या खनिजशास्त्राची पहिली निरीक्षक आहेत, आणि त्यांना योग्य मोबदला व श्रेय मिळालेच पाहिजे. पण व्यापार बंद केल्याने स्फटिक वाचतील हा समज चुकीचा आहे. किंमत नसेल तर क्रशरचा पट्टा कोणी थांबवणार नाही. खरी हानी होते ती व्यापारातल्या गुप्ततेने. चांगली खाण दुसऱ्याला कळू नये म्हणून खोटे गाव लिहिले जाते, किंवा नावाजलेल्या जागेचे नाव लावले की भाव चढतो म्हणून भलत्याच नमुन्यावर ते चिकटवले जाते. पुण्याजवळच्या वाघोलीचे उदाहरण घ्या. कॅव्हनसाइट हे व्हॅनेडियम असलेले गडद निळे खनिज अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यातल्या नमुन्यांवरून १९७३ साली शास्त्रात नोंदले गेले, पण त्याचे जगातले सर्वोत्तम स्फटिक १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून वाघोलीच्या दगडखाणींतून मिळाले. ‘वाघोली’ हे नाव त्या निळ्या गोळ्यांवर खरेपणाने टिकले म्हणूनच त्या छोट्याशा जागेत व्हॅनेडियम कुठून आला हा प्रश्न विचारता येतो. ग्राहकाने पत्ता मागायला सुरुवात केली, आणि पत्त्याशिवाय नमुना घ्यायचा नाही असे ठरवले, तर बाजारच नोंदीला किंमत देऊ लागेल.

तिसरा आक्षेप असा, की स्टिलबाइट आणि ह्यूलॅंडाइट आपल्याकडे इतके आहेत की त्यांचे कौतुक कशाला, आणि शिवाय आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे, चित्र घेतले की झाले. खनिज विपुल असते हे खरे, पण विशिष्ट जागेच्या विशिष्ट थरातला, विशिष्ट क्रमाने वाढलेला नमुना एकदाच मिळतो. चित्राचे म्हणाल तर ते जरूर घ्यावे, पण चित्राचे रासायनिक पृथक्करण करता येत नाही, त्याचे वय मोजता येत नाही. १९व्या शतकात नमुने जमवणाऱ्यांना समस्थानिक ही कल्पनाही ठाऊक नव्हती, तरी त्यांनी जपलेले तुकडे आज त्या तपासणीला उपयोगी पडतात. आपल्या नातवंडांच्या हाती कोणती उपकरणे असतील हे आपल्याला माहीत नाही. त्यांच्यासाठी खरा दगड आणि खरा पत्ता ठेवणे एवढे मात्र आपल्या हातात आहे.

हे काम करायला फार मोठी सामग्री लागत नाही. खाणमालकाची परवानगी घ्यावी. दगड हे गौण खनिज आहे आणि त्यावर शासनाचा हक्क व नियम आहेत, हे ध्यानात ठेवावे. सुरुंगाच्या वेळी आणि पावसाळ्यात दरडीखाली पाय ठेवू नये. नमुना घेताना त्याच्याबरोबर मूळ कातळाचा थोडा भाग राहू द्यावा, कारण नुसता स्फटिक घासूनपुसून सुटा केला की त्याचा शेजार हरवतो. चिठ्ठीवर तालुका, गाव, खाणीचे नाव, शक्य तर गट क्रमांक आणि मोबाइलवर दिसणारे अक्षांश-रेखांश, खाणीच्या तळापासूनची अंदाजे उंची, तारीख आणि ज्याने पोकळी दाखवली त्याचा उल्लेख त्याच्या संमतीने लिहावा. चिठ्ठी हरवते, म्हणून नमुन्याच्या मागच्या बाजूला छोटा क्रमांक घालून तोच वहीत लिहावा. जपणूक खनिजाच्या स्वभावाप्रमाणे करावी. लॉमोंटाइटमधले पाणी कोरड्या हवेत उडून जाते आणि टणक स्फटिकाचा काही काळात पांढरा भुगा होतो, म्हणून तो उष्ण दिव्याखाली ठेवू नये. पायराइटसारखी गंधकयुक्त खनिजे उलट कोकणच्या दमट हवेत बिघडतात आणि त्यातून सुटणारे आम्ल शेजारची कागदी चिठ्ठीही खाऊन टाकते. कोणाकडे बाहेरून आणलेला गंधकाचा स्फटिक असेल तर त्याला ऊन, गरम पाणी आणि हाताची ऊब यांपासून दूर ठेवावे, आणि चांदीच्या वस्तूंजवळ ठेवू नये, नाहीतर चांदी काळी पडते.

एकट्यादुकट्या संग्राहकाच्या कपाटातला नमुना त्याच्या पश्चात बहुधा अडगळीत जातो, म्हणून संस्थांचा आधार हवा. सिन्नरला गारगोटी संग्रहालयाने दख्खनच्या खनिजांसाठी वाहिलेले दालन उभे करून दाखवले आहे. केंद्राच्या खाण मंत्रालयाने २०२२ साली भूवारशाची स्थळे आणि भूअवशेष यांच्या जतनासाठी विधेयकाचा मसुदा जाहीर केला, म्हणजे हा विषय शासनाच्या कानापर्यंत पोहोचला आहे. रायगड जिल्ह्याला त्याची वाट पाहण्याची गरज नाही. अलिबाग, पेण, पनवेल, महाड येथील महाविद्यालयांनी आपल्या तालुक्यातल्या खाणींचा एकेक नमुना, पूर्ण पत्त्यासह, एका कपाटात ठेवायला सुरुवात केली तरी दहा वर्षांत या किनाऱ्याच्या कातळाची अशी नोंद तयार होईल, जी मुंबईने गमावली. मोठ्या प्रकल्पांच्या कंत्राटातच, खोदकामात उघडलेल्या पोकळ्या भरडण्याआधी एका भूशास्त्राच्या विद्यार्थ्याला दाखवाव्यात अशी अट घालता येईल. त्याला खर्च नगण्य आहे.

वाचकांना एवढीच विनंती आहे. घरात कोणी आणून ठेवलेला स्फटिक असेल, तर तो कुठून आला हे सांगणारे माणूस हयात असेपर्यंत विचारून घ्या आणि कागदावर लिहून ठेवा. पुढचा विकत घ्याल तेव्हा किमतीआधी गाव विचारा. आणि तुमच्या गावाजवळ खाण चालू असेल, तर तिथल्या एका पोकळीची तरी नोंद या वर्षी करून जवळच्या महाविद्यालयाकडे द्या.